आईनं धरलेला मासा

आई जेवत नव्हती. बाबा गेले आणि तिची भूकच गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, कशातच काही निघालं नाही. "मनाचं आहे, हवापालट करा," म्हणाले. म्हणून तिला सहा महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आणलं.

हवा पालटली, ताट तसंच राहिलं. एक पोळी घ्यायची, अर्धी मोडून बाजूला ठेवायची, भातावरून नुसती बोटं फिरवायची. मी उठले की उरलेलं सिंकखालच्या डब्यात. तिला वाटायचं मला दिसत नाही. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आणि मी काय करत होते? ओरडत होते. माझा स्वभावच तसा मेला. माया करायला जाते आणि आवाज चढतो.

"आई, खा ना गं! लहान आहेस का आता?"

"भूक नाही ना बाई. काहून जबरदस्ती करतेस?"

तिला आवडतात म्हणून मी मासे आणले. इंडियन स्टोअरमधला फ्रोझन रोहू आणला, इथल्या दुकानातला सामन आणला. सामनचा एक घास तिनं बराच वेळ चघळला. "चांगला आहे," म्हणाली. "पण हा मासा होता, हे याला स्वतःलाच आठवत नसेल." नवरा खो खो हसला. मला रडू आलं, म्हणून मी भांडी आदळली.

मग एके दिवशी ती बादली शोधायला गराजमध्ये गेली आणि माझे फिशिंग रॉड घेऊन बाहेर आली. खांद्यावर टाकून, शिपायानं बंदूक घ्यावी तसे.

"हे कोणाचं?"

माझंच होतं. काही वर्षांपूर्वी आमची ऑफिसची टीम एकदा ट्राउट मासे धरायला गेली होती, तेव्हापासून मला नाद लागला. तलावात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, फोनला रेंज नाही, कोणी मीटिंगला बोलवत नाही, ग्रीन कार्डाचं काय झालं विचारत नाही. नवरा एकदा आला आणि कंटाळून गाडीत झोपला, तेव्हापासून मी एकटीच जाते. आईला फोनवर कधी सांगितलं नव्हतं, कारण काय सांगायचं? एवढी शिकून परदेशात गेलेली पोरगी सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसते?

आईनं माझी छोटी डबी उघडली. आत बारीक गळांना रेशीम आणि पिसं गुंडाळून केलेले खोटे किडे ओळीनं टोचून ठेवलेले. त्यांनाच फ्लाय म्हणतात. काही तर तांदळाच्या दाण्याएवढे.

"अन् याला मासा फसतो?"

"फसतो."

"एवढा येडा?" ती किडा उजेडात धरून बघत राहिली. "आम्ही गांडूळ लावायचो. बांबूची काडी अन् शिवायचा दोरा. माझा मोठा भाऊ अन् मी. तलावाच्या पाळीवर दिवसभर." भंडाऱ्याकडचं तिचं गाव म्हणजे तलावांचंच गाव. मग तिनं असं विचारलं की मी चरकलेच. "मोठे मिळतात का गं?"

बाबा गेल्यापासून तिनं कशाबद्दल काही विचारलेलंच नव्हतं. मी म्हटलं, चल, शनिवारी जाऊ.

एप्रिल संपत आला होता. डोंगरातल्या तलावांवरचा बर्फ वितळला की ट्राउट काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात, तिथं ऊन लवकर पोचतं आणि किडे उठतात. वर्षातले माझे सगळ्यात लाडके आठवडे ते. पहाटे निघालो. आईनं साडीवर माझं जाड जॅकेट घातलं, पायात पांढरे स्निकर्स, डोक्यावर तिनं स्वतः विणलेली लाल लोकरी टोपी. डब्यात पोळी-भाजी, जी ती खाणार नाही हे मला माहीत होतं.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ज्या तलावावर जाते तिथं मासा घरी न्यायला बंदी आहे. धरायचा, पाण्यातच गळ सोडवायचा, सोडून द्यायचा. पार्किंगपाशी मोठी पाटी आहे. घरी न्यायला चालतं असे दुसरे तलाव आहेत, जवळही आहेत. पण हा मला पाठ होता. कुठल्या दगडापाशी उभं राहायचं, ऊन कुठून येतं, सगळं ठाऊक. आईला मासा खायला मिळावा म्हणून घेऊन निघाले आणि गेले कुठं, तर मासा खाता येणार नाही त्या तलावावर! याला अक्कल म्हणतात? खरं सांगायचं तर मला तिला दाखवायचं होतं. बघ, तुझी लेक काय काय शिकली.

दाखवलंही. वेडर्स चढवून, म्हणजे छातीपर्यंतची ती रबरी पँट घालून, मी पाण्यात उतरले. आई काठावर घडीच्या खुर्चीत. पाणी इतकं गार की पँटच्या आतूनही पोटऱ्या आखडल्या. समोरच्या डोंगराच्या सावलीत अजून बर्फ होता. फ्लायच्या वर दोरीला एक छोटा नारिंगी मणी असतो, तरंगणारा. तो बुडाला की मासा लागला. तासाभरात मणी बुडाला. मी रॉड उचलला, दोरी हळूहळू ओढली, जाळी खाली धरली. चांगला हातभर ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा. हात ओला करून मी त्याला पाण्यातच धरलं, गळ काढला आणि सोडला. शेपटी मारून गेला. मी मोठ्या ऐटीत मागे वळून बघितलं.

आई खुर्चीतून उठून उभी होती. "सोडलास?"

"हो. सोडायचाच असतो."

"काहून?"

इथं सांगायचं होतं, की इथला नियम आहे. एवढंच वाक्य. पण मला मोठेपणा सुचला. मी म्हटलं, "अगं, मारायचं कशाला? पंचशील काय सांगतं? मी जीव घेत नाही."

आई माझ्याकडे बघतच राहिली. रोज सकाळी न चुकता वंदना म्हणणारी बाई ती, आणि आयुष्यभर मासे-मटण खाल्लेलीही. "खायचा नव्हता तर टोचलास कशाला?" ती म्हणाली. "भुकेसाठी मारला तर माणूस निदान लाजतो तरी. तू तर त्याला नुसतं दुखवलंस अन् वरून शील सांगतेस मला. वा गं वा!"

मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "दे इकडे ती काडी."

मासे धरायला इथं लायसन्स लागतं, ते माझ्या एकटीचं होतं. तिचं काढलं नव्हतं, ती नुसती बसणार होती ना. पण ती हात पुढे करून उभी राहिली होती. त्या हाताला मी नाही म्हणू शकले नसते. मी फ्लाय लांब पाण्यात टाकली आणि रॉड तिच्या हातात दिला. "नुसता धर. मणी बुडाला की हळू उचल."

हळू कुठलं! मणी बुडाला तसा तिनं असा हिसका दिला की मला वाटलं दोरी तुटणारच. तुटली नाही. ती रॉड छातीशी धरून उलटी उलटी काठावर चढत गेली, "आला वो माय, आला, आला!" असं ओरडत, आणि मासा फरफटत गवतात आला. मी पाण्यातून धावत निघाले. तोवर तिनं त्याला डाव्या हातानं दाबून धरलं होतं, उजव्या हातात दगड. डोक्यावर एकच ठोका. मासा शांत झाला.

"आई! काय केलंस?"

"तडफडत ठेवू का मग?" ती धापा टाकत होती. टोपी कानावर सरकलेली, साडीचा काठ चिखलात, गालांवर रंग आलेला. आणि हसत होती. तोंडावर हात न धरता, पुढचा पडलेला दात दाखवत, खदाखदा. माझी आई इतकी हसते हे मी विसरूनच गेले होते.

"घरी खसखस आहे ना?" तिनं विचारलं. "नसली तर जाताना घेऊ. कांदा जाळावर भाजायचा, तुझ्या त्या मिक्सरातला कच्चा नाही चालायचा. पातळ रस्सा करते. भात जास्त टाकशील, मला रश्शाबरोबर भात लागतो."

मला भात लागतो. किती महिन्यांनी मी हे ऐकत होते. आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी मी तिला पाटी वाचून दाखवायची होती का? दाखवायची होती. पण नाही दाखवली. मी म्हटलं, एकच तर आहे. कोण बघतंय? पटकन निघू. तिच्या पिशवीतली प्लॅस्टिकची थैली मी स्वतः रिकामी करून दिली, मासा मी स्वतः त्यात घातला आणि थैली तिच्या हातात दिली. तिला म्हटलं, "बस, आवरते मी," आणि काठालगतच्या पाण्यात हात धुवायला उतरले.

तेवढ्यात पार्किंगच्या बाजूनं तो येताना दिसला. गणवेश, कमरेला पट्टा, हातात छोटा टॅब. वॉर्डन. लायसन्स तपासतात ते. वर्षातून एखाददा भेटतात, गोड बोलतात, जातात.

माझा ग्रीन कार्डाचा अर्ज इतक्या वर्षांनी शेवटच्या टप्प्यात आला आहे. वकिलानं बजावून ठेवलंय की साधं ट्रॅफिकचं तिकीट मिळालं तरी मला कळवा. आमचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप असल्याच गोष्टींनी भरलेले असतात, याला अमुकवरून परत पाठवलं, तिला एअरपोर्टवर बसवून ठेवलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे, पण भीती अंगात मुरते. मी पिवळ्या सिग्नलला गाडी थांबवते. शेजारच्याचं पार्सल चुकून दारात आलं तर हात लावत नाही. आणि इथं माझ्याजवळ बंदीचा मेलेला मासा, आणि विनालायसन्स आई!

मी पाण्यातूनच हात लांबवून आईच्या हातातून थैली हिसकली. हिसकलीच, दुसरा शब्द नाही. ती म्हणाली, "अगं, अगं..." मी मासा पाण्यात फेकला. तो पांढरं पोट वर करून तिथंच तरंगायला लागला. मग मी त्याच्यावर पाय दिला. वेडर्सचा जाड बूट त्याच्यावर ठेवून त्याला तळाच्या चिखलात दाबलं आणि तशीच उभी राहिले. थैली छातीशी वेडर्समध्ये कोंबली.

"काही बोलू नकोस," मी दातओठ खाऊन म्हटलं.

वॉर्डन आला. गुड मॉर्निंग झालं. माझं लायसन्स बघितलं, गळ बघितला, थँक यू म्हणाला. मग आईकडे वळून विचारलं की यासुद्धा फिशिंग करताहेत का? मी म्हटलं, नाही नाही, ही माझी आई, इंडियाहून आलीय, नुसती बघतेय. माझा आवाज चिरकत होता. बुटाखाली मासा निसटू बघत होता, मी अजून जोर दिला.

तो आईकडे बघून हसला. "एनी फिश, मॅम?"

आई चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. इंग्रजी तिला कळतं. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. मग ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "नो फिश, सर."

सर म्हणाली ती त्याला. माझ्याहूनही लहान पोरगा होता तो. "नाइस हॅट," म्हणाला आणि पुढे गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत मी हलले नाही. मग पाय उचलला. मासा वर आला, एका बाजूनं सालटं निघालेला, डोळ्यात चिखल. आई वाकून त्याला उचलायला गेली. "धुतला की होईल," ती हळूच म्हणाली.

आणि मी फाडकन बोलले. भीती गेली की माझा राग येतो, आणि जवळ असेल त्याच्यावर निघतो. "ठेव तो तिथं! कळतं का तुला काही? माझं सगळं गेलं असतं आत्ता! काय उपाशी मरत होतीस का एका माशासाठी?"

उपाशी. हे कुणाला म्हणाले मी? लहानपणी तलावाच्या पाळीवर ती हौसेनं बसायची नाही. मासा मिळाला तर रात्री चूल पेटायची. हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या तोंडाला कुलूप का नाही लागलं तेव्हा?

आईनं मासा पाण्यात तसाच ठेवला, हात साडीला पुसले, खुर्ची घडी करायला लागली. खुर्चीचा खटका तिला सापडेना, मी मदत करायला गेले तर म्हणाली, "राहू दे, जमतं मला."

परतीच्या वाटेवर डोंगर उतरून झाला. मग ती म्हणाली, "मला नव्हतं माहीत बाई, इथं मासा नेऊ देत नाहीत म्हणून. माहीत असतं तर दगड उचलला नसता. चुकलं माझं."

मी गाडी चालवत होते. आत्ता बोल, मी मनात म्हटलं. सांग, की मला माहीत होतं. थैली मी दिली होती. तुझं काहीच चुकलं नाही. समोर ट्रक होता, मी लेन बदलली. म्हटलं, "जाऊ दे गं." उदार मनानं माफ केल्यासारखं म्हटलं मी ते! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. पलीकडे तिची वंदना चालू होती. तीन शीलं म्हणून झाली आणि ती थांबली. पुढचं चौथं, खोटं न बोलण्याचं. ते वगळून तिनं एकदम पाचवं म्हटलं. मला वाटलं विसरली. चहा देताना विचारलं.

"विसरेन कशी?" ती म्हणाली. "कालच मोडलं ना. आज लगेच कोणत्या तोंडानं म्हणू? थोडे दिवस जाऊ दे." आणि चहात बिस्कीट बुडवलं.

तेव्हाही मी बोलले नाही. नवऱ्याला मी जी गोष्ट सांगितली तीत आईनं मला न विचारता मासा मारला होता. ती गोष्ट आता आमच्या घरात गमतीची झाली आहे. मित्रमंडळी जेवायला आली की नवरा सुरू करतो, आणि आई स्वतःच पुढे होऊन म्हणते, "मी तर पोरीला जेलातच घातलं असतं बाप्पा!" सगळे हसतात. "काय काकू, डेंजर आहात तुम्ही!" मी ताटं उचलायला आत जाते.

तिला जायला आता थोडेच दिवस राहिलेत. ती सगळं विचारून करते. बाल्कनीत साडी वाळत घातली तर चालेल ना? हा डबा कोणत्या कचऱ्यात? खाली बाकावर बसले तर कुणी काही म्हणेल का? सायरन वाजला की माझ्या तोंडाकडे बघते. माझी भीती मी तिला लावली.

आणि ती जेवते. त्या दिवसापासून जेवते. दोन पोळ्या, भात, वाटीभर भाजी, जे वाढेन ते. ताट पुसून स्वच्छ. परवा मी पुन्हा तोच सामन केला, तर मोठा तुकडा मागून घेतला. "छान झालाय," म्हणाली. नवरा खूश. "बघ, आईंना मानवली शेवटी इथली हवा," म्हणाला. ब्लाउज परत अंगाला बसायला लागलेत, हेही खरं.

पण मी समोर बसलेली असते. मला दिसतं. घास तोंडात फिरत राहतो, ती पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली ढकलते, आणि लगेच माझ्याकडे बघते, मी चिडले नाही ना ते. "अजून थोडा भात देऊ?" मी विचारते.

"दे ना," आई म्हणते आणि ताट पुढे करते. मी वाढते.